नंदिनीच्या दातांतली फट

भंडारा,
दि. ५ सप्टेंबर २००८

चि. नंदिनीस,
अ. उ. आ. वि. वि.

काल तुला लाखांदूरच्या बसमध्ये बसवून दिल्यावर मी पुन्हा दंतवैद्यांकडे गेलो. तुझ्यासमोर त्यांनी जे बोलायचे टाळले, ते मला ऐकायचे होते. ते म्हणाले की, तुझ्या वरच्या समोरच्या दोन दातांमधली फट मिटावी म्हणून ते दातांना बसवलेल्या तारेवर रबराची साखळी चढवतात. ती दातांना हळूहळू जवळ ओढते. परंतु दर महिन्याला तू येतेस तेव्हा साखळी तुटलेली असते, तीही एकाच जागी, नेमकी त्या दोन दातांच्या मध्ये. सरकलेले दात तोवर मागे गेलेले असतात. दिवाळीपर्यंत हेच चालले, तर ते तार काढून फटीत पांढरा मसाला भरून देणार आहेत. तो फार टिकत नाही, हेही त्यांनीच सांगितले.

इतर रोग्यांची साखळी महिनाभर टिकते. म्हणजे दोष साखळीत नाही. तेव्हा एक तर तू ऊस-फुटाण्यांसारखे कडक काही खातेस, किंवा दुखते म्हणून साखळी नखाने ओढतेस. तिसरी शक्यता मला दिसत नाही. दोहोंपैकी खरे कोणते, ते स्पष्ट लिही.

डी.एड.च्या सराव पाठाला 'आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही' असा शेरा तुला मिळाला, आणि त्याचे कारण घशात नसून फट दिसू नये म्हणून अर्धवट मिटलेल्या ओठांत आहे, हे तूच मला सांगितले होतेस. मार्चमध्ये अंतिम पाठ आहे. तोवर ही फट मिटावी, एवढाच माझा हेतू.

तुझी मोठीआई म्हणते की, पत्र जरा गोड लिहा. ते तिचे मत म्हणून कळवतो.

तुझा,
तुलाराम


दिघोरी,
दि. १२ सप्टेंबर २००८

ती. मोठेबाबांच्या चरणी,
शि. सा. न.

तुमचं पत्र आलं अन् मले वाटलं, पोस्टमननं समन्सच आणून देलं! आईले वाचून दाखवलं. ती म्हणते की, तुझ्या मोठेबाबाले कळव, पोरगी खिचडीवर जगून राहिली. तिच्या तोंडात दात आहेत की नाही, तेच समजत नाही.

मोठेबाबा, दोन्ही खोटं आहे. ऊस मी बघतसुद्धा नाही. गणपतीच्या प्रसादाचे फुटाणे शेजारच्या सीताकाकूच्या पोरीले देऊन टाकले. अन् साखळीले नख लावलं असंल, तर तुम्ही म्हणाल ते करीन. रोज आरशात पाहते. सकाळी धड असते, संध्याकाळी जिभेले तुटकी लागते. काहून तुटते, मलेच कळत नाही.

खायले वेळ तरी कुठं आहे? मच्छीमार संस्थेचं नवं जाळं औंदा पुन्हा आईकडंच विणायले आलं. दिवाळीनंतर ते तलावात पडलं पाहिजे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आईले बारीक गाठ दिसत नाही. ती बोटानं फासे तपासते अन् गाठी मी मारते. कॉलेजातून आली की सरळ जाळ्याले बसते.

मोठीआईले सांगा की गोड पत्र आलं नाही. तरी तुमच्यावर माझा राग नाही; तुमचाही माझ्यावर नसू द्या.

तुमची,
नंदिनी


भंडारा,
दि. १८ सप्टेंबर २००८

चि. नंदिनीस,
अ. उ. आ.

तुझे म्हणणे मी प्रमाण मानतो. ते प्रमाण मानले की, माझ्या युक्तिवादात मी सर्व शक्यता मोजल्या नव्हत्या, असा निष्कर्ष निघतो. डॉक्टरांनी तुला खाण्याबद्दल विचारले, मीही खाण्याबद्दलच विचारले. तू काम काय करतेस, हे दोघांनीही विचारले नाही.

तुम्ही जाळे विणता त्याच छपरीत, घरापुढच्या त्या पडवीत, माझे लहानपण गेले. माझी आई, म्हणजे तुझी आजी, तिथेच जाळी विणायला बसायची आणि त्या वेळात तिला हाक मारली तर ती नुसता हुंकार द्यायची, एवढे मला स्मरते. ती बोलत का नसे, हा प्रश्न तुझे पत्र वाचल्यावर आज प्रथमच मनात आला.

तेव्हा इतकेच कर. आज जाळ्याला बसलीस की स्वतःकडे पाहा. गाठ आवळताना दोऱ्याचे टोक कशात धरतेस? आणि गाठ झाली की दोरा कशाने तोडतेस? तर्क करून लिहू नकोस. दिसेल ते लिही.

तुझा,
तुलाराम


दिघोरी,
दि. २६ सप्टेंबर २००८

ती. मोठेबाबांस,
शि. सा. न.

दातात. अजून कशात?

तुमचं पत्र वाचून जाळ्याले बसली, दोन फासे टाकले अन् माझंच मले हसू आलं. दोरा त्या फटीत असा जाऊन बसतो, जसं काई ते त्याचंच घर आहे. तिथं दाबायचा, हातानं ओढायचा, गाठ आवळली की कचकन तोडायचा. नायलॉनचा दोरा तो. रबराले तो काय सोडणार! डोळे धड होते तोवर आई तसंच करायची, आजीही तसंच करायची. हे हाताचं काम, असंच आम्ही समजत होतो. यात तोंडाचं काम आहे, हे कोणाच्या ध्यानातच नाही आलं.

दोन दिवस दात लावले नाही. चाकू घेऊन बसली. चाकू उचलायले हात सुटतो अन् गाठ ढिली पडते. आईनं बोट फिरवलं अन् म्हणाली की, या फाशातून मासा कायले, म्हैस निघून जाईल.

मोठेबाबा, जाळं वेळेवर झालं नाही तर संस्था पुढच्या साली काम दुसऱ्याले देईल. बाबा गेल्यापासून आईचं गावात जे नाव आहे, ते या जाळ्यानं आहे. म्हणून मी ठरवलं. दिवाळीत डॉक्टरले म्हणते की तार काढा अन् मसाला भरून द्या. टिकंल तितकं टिकंल. रागावू नका.

तुमची,
नंदिनी


भंडारा,
दि. ४ ऑक्टोबर २००८

चि. नंदिनीस,
अ. उ. आ.

रागावलो नाही, परंतु तुझा निष्कर्ष चुकीचा आहे. जाळे वेळेवर झाले पाहिजे, हे मान्य. तुझ्या दातांत दोरा येता कामा नये, हेही मान्य. या दोहोंवरून फट राहू द्यावी असे निघत नाही. दोरा दुसऱ्या कोणाच्या तरी दातांत जावा, एवढेच निघते.

माझे समोरचे दात अजून माझेच आहेत आणि त्यांना यापुढे कोणताही पाठ द्यायचा नाही. दिवाळीच्या सुटीत तू भंडाऱ्याला मोठीआईकडे ये. मी दिघोरीला जातो. विणणे मी चौदाव्या वर्षापर्यंत केलेले आहे. झोपायला सीताबाईंच्या छपरीत जाईन, म्हणजे तुझ्या आईला अवघडल्यासारखे होणार नाही. तिला विचारून कळव. हे मी उपकार म्हणून करत नाही. त्या जाळ्यांवरच माझे शिक्षण झाले.

तुझा,
तुलाराम


दिघोरी,
दि. २ नोव्हेंबर २००८

चि. नंदिनीस,
अ. उ. आ. दिवाळी सुखाची झाली असेल.

इकडचा वृत्तांत असा. तुझी आई जेठासमोर, म्हणजे माझ्यासमोर, बोलत नाही, हे तुला ठाऊक आहे. पदर पुढे ओढून ती भिंतीकडे तोंड करून बसते आणि माझ्या गाठींबद्दलचा निकाल बकरीला सांगते. परवा तिने बकरीला विचारले की, भंडाऱ्याच्या कॉलेजात इतकी वर्षे तर्कशास्त्र शिकवणाऱ्याला साधी गाठ काहून येत नाही. बकरीने पाला खाणे चालू ठेवले. मी ती गाठ सोडून पुन्हा मारली, कारण आक्षेप रास्त होता. पहिल्या दोन दिवसांचे माझे सर्व काम मी अंघोळीला गेलो असताना उसवलेले आढळले. आता ती उसवत नाही. यालाच मी प्रशंसा समजतो. जाळे पुढच्या आठवड्यात पुरे होईल.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. काल मला ऐकू जाईल अशा बेताने ती सीताबाईंना म्हणाली की, दात जुळले की पोरगी काही पुन्हा जाळ्याला बसायची नाही. नंतर बराच वेळ तिने फासे तपासले नाहीत. तार निघाल्यावर तुला दोरा दातांत धरता येईल काय, हे डॉक्टरांना विचारून कळव. उत्तर कसेही असो, मऊ करून लिहू नकोस.

तुझा,
तुलाराम


भंडारा,
दि. ७ नोव्हेंबर २००८

ती. मोठेबाबांस,
शि. सा. न.

साखळी शाबूत आहे! डॉक्टरनं आरसा घालून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मंग म्हणाले की यावेळेस काय जादू केली. मी सांगितलं की माझ्या जागी माझे मोठेबाबा दोरा चावून राहिले. फट अर्ध्यावर आली. आता ते मसाल्याचं नाव घेत नाहीत. फेब्रुवारीत तार काढतो म्हणाले.

आईचा प्रश्न विचारला. तार निघाली तरी दात जुन्या जागी जायले पाहतात, म्हणून मागून एक बारीक तार चिकटवून देणार आहेत. पण दोरा त्या दातांत कधीच धरायचा नाही. जन्मभर नाही. तुम्ही म्हटल्यासारखं मऊ न करता लिहिलं. आईले तुम्हीच सांगा. तुम्हाले जमत नसंल तर बकरीले सांगा, ती ऐकंल.

मोठीआई म्हणते की, घरात वाद घालायले कोणी नाही तर जेवण पचत नाही, लवकर या.

तुमची,
नंदिनी


दिघोरी,
दि. १५ मार्च २००९

ती. मोठेबाबांस अन् मोठीआईस,
शि. सा. न.

अंतिम पाठ झाला. भूगोलाचा होता, वैनगंगा नदी. फळ्याकडं तोंड करून बोलत होती, तरी शेवटच्या बाकावरचा एक पोरगा उत्तर द्यायले उठून उभा झाला. म्हणजे त्याले ऐकू गेलं होतं. परीक्षकांनी कागदावर काय लिहिलं, ते मले दिसलं नाही, अन् पाहावं असंही वाटलं नाही.

तुम्ही नोव्हेंबरात आईले डॉक्टरचं म्हणणं सांगितलं, तेव्हापासून तिनं त्या गोष्टीवर एक शब्द काढला नव्हता. मीही नाही. तुमच्या जाळ्यात औंदा रोहू चांगला लागला, म्हणून संस्थेनं पुढचं जाळंही आईलेच देलं. काल पाठावरून आली अन् साडी न बदलताच जाळ्याले बसली. चाकू बाजूले ठेवला होता. तीन-चार फासे झाले, अन् कशी कोण जाणे, पुन्हा दोरा घेऊन हात तोंडाकडं गेला.

आईले तर बरोबर दिसतही नाही. तरी तिनं अंधुक पाहूनच माझ्या हातातलं टोक काढून घेतलं, आपल्या दातात धरलं अन् म्हणाली की, वढ. मी गाठ वढली. तिनं दोरा तोडला अन् पुढचं टोक घ्यायले हात पुढं केला. मंग चाकू उचलून चुलीजवळ नेऊन ठेवला, कांदे चिरायले.

दिवस मावळेपर्यंत आम्ही तसंच विणलं. ती बोलू शकत नव्हती, म्हणून बोलायचं काम माझ्याकडं होतं. मी तिले पूर्ण पाठ पुन्हा म्हणून दाखवला.

दोघांची माया अशीच असू द्या.

तुमची,
नंदिनी