मंजूर : श्रीमती उदेलाल

सडक अर्जुनी,
ता. ९ फेब्रुवारी

केशोरीनरेश महाराजाधिराज श्यामलालभाऊ यांच्या चरणी राणीचा वाकून मुजरा. (वाकताना डावी बाजू अजून ओढते, तेव्हा मुजरा अर्धाच समजावा.)

वहिनींची कंबर कशी आहे? उन्हाळी धानाची रोवणी आटोपली का? तुझी म्हैस अजून शेजाऱ्याच्याच वाडीत चरते का? आणि मंडईच्या जत्रेदिवशी विहिरीवर आंघोळ करताना तुझ्या छातीवर जो फोड दिसला होता, त्यावर हळद-चुन्याचा लेप चालूच असेल. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे आता आहे.

माझ्या पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं असं तुझ्या कानावर आलं असेल. ती बातमी मीच उठवली होती, ती विसर. खरं असं की गेल्या हंगामात फवारणी पंपाचा पट्टा डाव्या छातीला घासून दुखायला लागलं. मी पट्ट्याला शिव्या घातल्या, पट्टा बदलला, पंपही बदलायला निघालो होतो. डिसेंबरात सुखवंताने बनियन धुताना त्यावर रक्ताचा डाग पाहिला आणि मला बखोट धरून गोंदियाला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी सांगितलं, स्तनाचा कॅन्सर आहे. कोणाला सांगताहेत म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे सुखवंता बसली होती, आणि ती माझ्याकडे पाहत होती. बाई म्हणाल्या, असे शंभर पेशंट आले की त्यांत एखादा पुरुष असतो, लवकर काढला तर बरा होतो. भाऊ, मी भ्यालो. तीस वर्षं दंडारीच्या खेळात तुझी राणी होऊन हजार माणसांसमोर नाचलो, पण त्या दिवशी दवाखान्याच्या संडासात कडी लावून रडलो.

ऑपरेशन आणि पुढची औषधं आपल्या ऐपतीबाहेरची. पण आमच्या धान संघाने सगळ्या सभासदांचा आरोग्य विमा काढलेला आहे, त्यामुळे मी निश्चिंत होतो. (शहाणा माणूस विम्यावर कधीच निश्चिंत नसतो.) दवाखान्यात विम्याचे कागद भरणारी रुचिका नावाची मुलगी आहे. तिने आजाराचं नाव टाकलं की संगणकात 'पुरुष' हा शब्द फिका पडायचा आणि 'स्त्री' आपोआप उमटायचं. तिने पाच वेळा टाकलं, मग हाताने अर्ज लिहून पाठवला. कंपनीचं उत्तर आलं : सदर उपचार फक्त महिला सभासदांस अनुज्ञेय.

संघाचा सचिव सेवकराम म्हणाला, "भाऊ, वहिनीच्या नावानं टाकून दे ना. कोन पाहून रायला?" यावर सुखवंताने त्याला चहा न देताच वाटेला लावलं. "कापतील याईले, अन् कागदावर मी बिमार? उद्या मले खरंच काही झालं त म्हनतील, बाई, तुमचं त कापून झालं." इतका सरळ विचार विमा कंपनीत कोणाला सुचलेला मी पाहिला नाही.

मग कंपनीने मी पुरुष असल्याचा दाखला आणि उभा, पूर्ण फोटो मागितला. ग्रामसेवकाकडे रहिवासाचा, हयातीचा, शौचालयाचा असे सगळे नमुने होते, पुरुषाचा नव्हता. त्याने डोकं खाजवून लिहिलं : 'सदर इसम माझ्या माहितीप्रमाणे जन्मापासून पुरुष असून वर्तणूक चांगली आहे.' शिक्का मारला. फोटो पाठवायचं काम आमच्या पोराकडे, दुर्गेशकडे होतं. आता तूच सांग, आपल्यासारख्यांचा डोक्यापासून पायांपर्यंत फोटो कोण काढतो? आधारवर मुंडकं, सातबारावर नुसतं नाव. माझा आख्खा फोटो घरात एकच, मंडईचा : हिरवं लुगडं, नाकात नथ, बाजूला तू लाकडी तलवार घेऊन. दुर्गेशने तुला कापून टाकलं आणि राणी पाठवून दिली.

जो अर्ज तीन आठवडे हलत नव्हता तो दोन दिवसांत पास. 'श्रीमती उदेलाल, लिंग स्त्री, मंजूर.' ग्रामसेवकाचा दाखला कोणी वाचलाच नव्हता. ऑपरेशन गुरुवारी ठरलं. सेवकराम पेढे घेऊन आला आणि म्हणाला, आता चूप राय. आणि खरं सांगतो, एक रात्र मी चूप राहायचं ठरवलंही होतं. पण पहाटे वाटलं, मी बाई होऊन सुटलो, तर माझ्यामागून जो गडी येईल त्याला पुन्हा सांगतील की हा आजार तुझा नाहीच. त्याच्या घरी लुगड्यातला फोटो असेलच असं नाही. शिवाय राणी व्हायचं ते मी माझ्या हौसेने होतो, कंपनीच्या सोयीसाठी नाही.

बुधवारी मी भाकरीचा डबा बांधून नागपूरला कंपनीच्या कचेरीत गेलो. हिमांशू नावाचे तरुण साहेब म्हणाले, "काकाजी, सिस्टीम में ऑप्शन ही नहीं है." मी सदरा काढला. बनियन काढलं. पंख्याखाली उभा राहिलो आणि विचारलं, "साहेब, हे काय आहे? तुमच्याकडे नाही का?" साहेबांचा हात आपोआप टायवर गेला. आजूबाजूच्या बायका आधी हसल्या, मग उठून जवळ आल्या, आणि त्यांतली एक म्हणाली, माझ्या सासऱ्यांना हेच होतं, आम्हाला फार उशिरा कळलं. त्यानंतर कोणी हसलं नाही. मी तिथेच डबा सोडून जेवायला बसलो. संध्याकाळपर्यंत साहेबांनी सात ठिकाणी फोन लावले. चार दिवसांनी नवीन पत्र आलं : श्री. उदेलाल, पुरुष, मंजूर. रुचिकाने मुद्दाम दाखवलं, आता तो शब्द फिका पडत नाही. चार दिवस वाया घालवले म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला सडकून झापलं, पण गाठ पूर्ण निघाली.

पलंग मात्र मिळाला महिलांच्याच वॉर्डात, कारण पुरुषांच्या वॉर्डात या ऑपरेशनची माहिती असलेली नर्स नव्हती. बायांनी पडदा लावून दिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच काढला. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम त्यांनीच शिकवला. सुखवंताने आपल्या इथल्या प्रतापगडला महादेवाला आणि दर्ग्याला, दोन्हीकडे नवस बोलला आहे. एका खिडकीवर भरवसा ठेवायचा नाही, हे आता तिलाही कळलं आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी (रंगमंचापुरती) राणी,
उदेलाल

ता. क. १ : पुढच्या मंडईला मी नाचणार आहे. चोळी डावीकडून थोडी आत घ्यावी लागेल, तेवढंच.

ता. क. २ : वर एवढं लांबण लावलं ते या दोन ओळी लिहायचा धीर होईना म्हणून. तो फोड नाही, भाऊ. विहिरीवर मी नीट पाहिला होता. माझ्या बनियनखाली तसाच होता आणि मी पट्ट्याला शिव्या देत होतो. येत्या सोमवारी अर्जुनी मोरगावला बायांच्या छातीच्या तपासणीचं शिबिर आहे. रुचिकाने तुझं नाव लिहून घेतलं आहे, नंबर सतरा.

ता. क. ३ : रांगेत सगळ्या बायाच असतील, म्हणून तू येणार नाहीस हे मला माहीत आहे. मी नऊ वाजता फाटकापाशी हिरवं लुगडं नेसून, नथ घालून उभा राहीन. लोकांना पाहायचंच असेल, तर माझ्याकडे पाहतील. तू गुपचूप आत जा.