घशातली घंटा

ओर्गाई, २ जून

प्रिय बुस्तियानू,

अनेक आशीर्वाद. मी धडधाकट आहे. गुडघा कुरकुरतो, पण चढतो. तुझी फॅक्टरी, तुझा खोकला आणि आपल्या चीजच्या वासाने नाक मुरडणारी तुझी ती जर्मन घरमालकीण, सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालते. सोबत पार्सल आहे. पत्र पूर्ण वाचल्याशिवाय ते उघडायचं नाही. सणाचं गोडधोड तू आदल्या दिवशीच फस्त करायचास, म्हणून बजावते.

यंदा डोंगर चिडलेला आहे. मार्चमधल्या वाऱ्याने खिंडीवरचा कडा खाली आणला आणि रानडुकरांची अख्खी पिलावळ चिरडली. आठवडाभर कावळ्यांची चंगळ होती. तरी डोंगर बघायला माणसं येतातच. पाठीवर पिशव्या, हातात काठ्या आणि तोंडात एकच वाक्य, किती शांत आहे हो इथे. मी मान हलवते. त्यांना पठारावर नेते, ज्युनिपरच्या सावलीत भाकरी-चीज देते आणि घळीतून समुद्रापर्यंत उतरवते. पोटापाण्याला आता एवढंच उरलंय, कारण मेंढ्या उरल्या नाहीत.

हे तुला कळवलं नव्हतं. ईस्टरच्या आधी पलीकडच्या धारेवरच्या कोस्सेद्दूंनी आपल्या घरच्या मेंढ्यांच्या मागच्या पायांच्या शिरा कापल्या. मी उजाडता गेले तर सगळ्या मेंढ्या बसलेल्या, आणि मला बघून उठायला धडपडत होत्या. एकेकीचा गळा मीच चिरला. हातावरचं रक्त वाळलं तरी काम संपेना. कुत्रा फाटकाला टांगलेला होता. त्याला आधी खाली काढला, कारण मेंढ्या त्याच्याकडेच बघत होत्या.

तक्रार कुठे करणार, आणि कोणत्या तोंडाने? फेब्रुवारीत तू बोटीने बेटावर आलास, मी बांधून दिलेली भाकरी घेऊन कोस्सेद्दूंच्या गडग्यामागे दबा धरलास, धार काढायला वाकलेल्या त्यांच्या थोरल्या बोरेने मान वर केली तशी त्याच्या तोंडात गोळी घातलीस आणि आल्या बोटीने परत गेलास. दुधाची चरवी त्याच्या अंगावर उपडी झाली. त्याची आई गुडघ्यांवर बसून ते दूध आणि रक्त आपल्या शालीने टिपत होती, हे मला शेजारणीने सांगितलं. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, प्रेदूदादाला आता मातीत झोप लागेल.

आपल्याला खात्री होती ना. ऑक्टोबरच्या ढगफुटीनंतर दादा घळीच्या तोंडाशी सापडला, डोकं फुटलेलं, अंगावर एक धड कापड नाही. त्याचा पुढारी एडका गायब, आणि एडक्याच्या गळ्यातली बाबांची घंटाही गायब. तू अंत्यविधीला आलास. दुखवट्याची रीत म्हणून आपण सगळ्या कळपाच्या घंटांमध्ये गवत कोंबलं. आपली बाजू मुकी झाली, म्हणूनच पलीकडच्या धारेवरची ती घंटा एवढी स्वच्छ ऐकू आली. कोस्सेद्दूंच्या कळपात. जाड, जराशी चिरकी, शेवटाला बसक्या गळ्याची. तू म्हणालास, "दादाचीच आहे. नसेल तर हा कान कापून देईन." आणि मी म्हणाले, दादाचीच. आपल्याकडे माणूस बायकोचा आवाज चुकेल, पण घरच्या घंटेचा चुकणार नाही. त्यावर आणखी पुरावा कोणी मागत नाही. आपणही मागितला नाही.

आता मुद्द्यावर येते. इतकी पानं मी टाळत होते हे तू ओळखलंच असशील.

मागच्या आठवड्यात मिलानची एक मास्तरीण आली होती. ओर्नेल्ला तिचं नाव. बोलघेवडी, पण पाय खंबीर. तिला पठारावरचं ते विवर बघायचं होतं, ज्याला आपण घसा म्हणतो. बाबा आपल्याला त्याच्या काठालाही फिरकू देत नसत, पाऊस आला की डोंगर त्या घशाने पाणी गिळतो म्हणून. मी नको म्हटलं, ती हटून बसली. शेवटी ओकच्या बुंध्याला दोर बांधला आणि दोघी उतरलो. आत थंडगार, भिंतींना नेचे, खाली गाळ आणि वाहून आलेली लाकडं. ओर्नेल्ला कसल्याशा फुलाचे फोटो काढत होती. मला मुळांच्या जाळ्यात शिंगं दिसली.

दादाचा एडका होता, बुस्तियानू. हाडं आणि लोकर. गळ्याचा पट्टा मुळात अडकलेला, त्याला घंटा लटकलेली. पट्टा अर्धा कापलेला होता. आणि त्या कापात दादाचा चाकू तसाच रुतलेला, बाबांनी दिलेला, शिंगाच्या मुठीचा.

त्याला कोणी मारलं नव्हतं. एडका घशात पडला, हा वेडा त्याला सोडवायला उतरला, आणि पट्टा कापता कापता वरून पाणी आलं. पाण्याने त्याला डोंगराच्या पोटातून ओढत नेलं, खडकांवर आपटलं आणि खाली घळीत ओकून टाकलं. आपण त्या जखमा बघून म्हणालो, हे माणसाचं काम आहे.

ओर्नेल्लाने विचारलं, रडताय का. मी म्हटलं, नाही, डोळ्यांत माती गेली. मग मी तिथेच गाळात बसून ओरडले. वर आल्यावर त्या बिचारीला मी समुद्रापर्यंत पोचवलं.

पण मग कोस्सेद्दूंच्या कळपात वाजत होती ती घंटा कुठली?

मी तडक बोरेच्या वडिलांच्या, मावरूकाकांच्या, दारात गेले. त्याच्या आईने मला पाहिलं आणि थुंकली. बोरेचा धाकटा भाऊ लारेंतू बंदूक घेऊन बाहेर आला. मी नुसती घंटा वर धरून हलवली. त्याच क्षणी मागच्या कुरणातून त्यांच्या एडक्याची घंटा वाजली. तोच आवाज. तशीच चिरकी, तशीच बसकी. लारेंतूची बंदूक आपोआप खाली आली, आणि मावरूकाका दाराची चौकट धरून उभे राहिले.

त्यांनी सांगितलं ते एवढंच. तरुणपणी बाबा आणि ते संत जुआनीच्या सणाला पेटवतात त्या जाळावरून हात धरून उडी मारून जाळभाऊ झाले होते. त्या वर्षी दोघांनी एकाच पत्र्याच्या दोन घंटा करवून घेतल्या, लोहाराने ठोकून ठोकून आवाज जुळवला. पुढे पाणवठ्यावरून फाटलं. तू तेव्हा पाळण्यात होतास. एकमेकांचं नाव घेणं दोघांनी सोडलं, मुलांनाही काही सांगितलं नाही.

"भांडलो, पण घंटा कोणी उतरवली नाही," मावरूकाका म्हणाले. "तुझ्या बापाचा कळप पलीकडे वाजला की मला कळायचं, जिवंत आहे गाढव."

मग त्यांनी विचारलं, माझ्या पोराला याच घंटेपायी मारलं का. मी हो म्हटलं. कोणी, हे त्यांना ठाऊकच होतं. तू कुठे आहेस, हे नव्हतं. ते त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. त्या घरी गोळी गेली तेव्हा आपण खरे होतो असं समजून मी निवांत झोपले होते, बुस्तियानू. त्या बाईच्या शालीवरचे डाग अजून गेलेले नाहीत. मी तुझा पत्ता सांगितला. गल्ली, घर, मजला.

लारेंतू तेव्हाच निघत होता. मावरूकाकांनी त्याला काठीने अडवलं. ते मला म्हणाले, "पोरी, त्याला सांग, या तेवीस तारखेला संत जुआनीचा जाळ पेटायच्या आत ही घंटा त्याने स्वतः माझ्या अंगणात आणून द्यावी. दिवसाढवळ्या, सगळ्या गावासमोर. काय केलं ते तोंडाने बोलावं आणि मग पोलिसांकडे जावं. आला तर त्याला माझ्या घरचं कोणी शिवणार नाही. नाही आला, तर लारेंतूला मी अडवणार नाही."

ते शब्दाला पक्के आहेत. दोन्ही बाजूंनी.

तुला पळ म्हणून सांगणारी बहीण हवी असेल, तर ती या घरात आता नाही. तू तुरुंगात जाशील, मी दर महिन्याला चीज घेऊन भेटायला येईन, पहारेकरी नाक मुरडतील. ते मला चालेल. फाटकाला टांगलेलं आणखी काही खाली काढायला माझ्या हातांत जोर नाही. आणि तुझ्या जिवापलीकडेही एक गोष्ट आहे. बोरे निर्दोष होता, हे त्याच्या आईने तुझ्या तोंडून ऐकायला हवं. माझ्या तोंडून तिने ते ऐकून घेतलं नाही. कान तुझा होता.

आता पार्सल उघड. घंटा आहे. वाटेत वाजू नये म्हणून आत गवत कोंबलंय, दादाच्या कबरीवरचंच. ते तू काढ. एकदा वाजव आणि त्याच कानाने ऐक. मग बोटीचं तिकीट काढ.

धक्क्यावर मी उभी असेन, एकटी.

तुझा पत्ता सांगणारी, तुझीच ताई,
बाकीसिया