वास कुणाचा?

ट्रॉय, मिशिगन. रविवार, संध्याकाळ.

शिऱ्यासाठी रवा भाजत होते. ईरा कढईवर वाकून वास घ्यायला लागली, तर मी थेट आईच्याच आवाजात ओरडले, "हुंगू नकोस! नैवेद्य व्हायचाय."

"आई, सेम ॲज ग्रीक्स!" तिच्या शाळेत सध्या प्राचीन ग्रीक लोक चालू आहेत. ते म्हणे देवासाठी बकरा कापायचे, हाडं आणि चरबी वेदीवर जाळायचे आणि मटण स्वतः खायचे. "गॉड्सना ओन्ली स्मोक. दे लव्ह्ड द स्मेल."

हातातला कालथा थांबलाच. म्हणजे आपलंही तसंच? वास हेच देवाचं जेवण, आणि आपण आधी हुंगलं की ते उष्टं? आईला विचारायला हवं. पण तिलाही तिच्या आईनं नुसतं "हुंगू नकोस" एवढंच सांगितलं असणार.

मग डोक्यावर घरघरणाऱ्या एक्झॉस्टकडे लक्ष गेलं. जॅकेटांना वास लागू नये म्हणून मी तो कायम फुल ठेवते. अरे देवा! मग इतकी वर्षं देव्हाऱ्यात काय पोचलं? सगळा वास तर बाहेर, वर आकाशात. तिथे ईराचे ग्रीक देव बसलेत. माझ्या शिऱ्यावर तेच जेवत होते की काय?

एक्झॉस्ट बंद केला. घरभर तुपाचा, वेलदोड्याचा वास. नैवेद्य दाखवला.

उद्या ऑफिसात जॅकेटला वास येईल. येऊ दे. हुंगू देत सगळ्यांना. नैवेद्य झालाय.