नव्या चेहऱ्यांचे जुने मालक

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्या (आणि तुझ्या मते अजून न सुधारलेल्या) भावाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का, की अजून फोनवर आधी खोकला येतो आणि मग ते येतात? इकडे माझी तब्येत उत्तम आहे, झोप सोडली तर. भूकही उत्तम आहे, फक्त जेवायचं लक्षात राहत नाही. हे पत्र काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तू निवांत वाचशील.

मागच्या नाटकाच्या वेळी वर्तमानपत्रातल्या त्या परीक्षकाने माझ्याबद्दल एकच ओळ लिहिली होती, ती तुला माहीत आहेच. मुखवटे सुबक आहेत, पण पूर्वी कुठेतरी पाहिल्यासारखे वाटतात. झालं. त्या दिवसापासून मातीचं नाक करायला घेतलं की वाटायचं, हे नाक कुणीतरी आधीच केलंय. (प्रत्येक नाक कुणीतरी आधी केलेलंच असतं म्हणा, पण अशा वेळी अक्कल गहाण पडलेली असते.) नकळत कुणाची नक्कल होऊ नये म्हणून मी रस्त्याने खाली मान घालून चालू लागलो. त्यात एकदा टपालपेटीला धडकलो आणि तिची माफी मागितली. भाऊजींनी मला त्यांच्या पाण्याच्या टाक्यांच्या दुकानात खुर्ची देऊ केली, ती याच सुमारास. टाकी दुसऱ्या टाकीसारखी दिसली तर कुणी तक्रार करत नाही, हे त्यांचं म्हणणं मला फार पटलं होतं. मी मनाशी ठरवलं, एवढं एक नाटक करायचं. यातही कुणी ‘पाहिल्यासारखं’ म्हणालं तर हत्यारं पोत्यात भरायची आणि जन्मभर टाक्या विकायच्या.

नेमक्या त्याच नाटकाच्या दिग्दर्शकबाई म्हणाल्या, मला तीन मुखवटे हवेत आणि तीनही चेहरे कुणी कधी न पाहिलेले हवेत. मी रस्त्याकडची खिडकी बंद केली, आरशावर टॉवेल टाकला आणि अकरा दिवस कुणाचं तोंड पाहिलं नाही. पहिला चेहरा पुरुषाचा केला. एक भुवई वर चढलेली, नाक मध्येच डावीकडे वळलेलं, हनुवटीला खाच, आणि सगळे दात दाखवून खदाखदा हसणारा. असा माणूस जगात असणं शक्यच नाही, अशी माझी खात्री झाली. मग खिडकी उघडून तो मुखवटा उन्हात वाळायला लावला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो माणूस माझ्या दुकानात आला.

ताई, तीच भुवई. तेच नाक, तिथेच वळलेलं. फक्त चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. तो दुकानांतले वजनकाटे तपासणारा निरीक्षक निघाला. समोरच्या थांब्यावर बसची वाट पाहत होता आणि स्वतःला खिडकीत पाहून रस्ता ओलांडून आला होता. त्याने मुखवट्याच्या नाकावरून बोट फिरवलं, मग स्वतःच्या नाकावरून. मी घाईघाईने म्हणालो, “माफ करा, मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही हो.” तो बराच वेळ मुखवट्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मीही नाही.” मग बस आली आणि तो गेला. मी मात्र दिवसभर दाराला कडी लावून बसलो.

योगायोग असतो, असं म्हणून दुसऱ्या मुखवट्याला जास्तच विचित्र केलं. बाईचा चेहरा, अरुंद कपाळ, एक गाल फुगीर, आणि धाय मोकलून रडणारी. रंगवताना हातातून ब्रश निसटला आणि गालावर तपकिरी डाग पडला, तो तसाच ठेवला. निदान डाग तरी फक्त माझा असेल! तिसऱ्या दिवशी दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घेणारी बाई आली. तिच्या गालावर तो डाग होता, जन्मापासून. ती कामावरून थेट आली असावी, कारण दवाखान्यातलं हसू अजून तोंडावर तसंच होतं. मुखवटा मांडीवर घेऊन ती अर्धा तास बसली, हसतच. जाताना म्हणाली, “एक दिवस घरी नेऊ का? उद्या आणून देते.” नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी तिने शब्दाप्रमाणे परत आणून दिला. मी तो दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवला होता, ताई. परत आला तेव्हा आतून ओला होता.

त्याच दुपारी मी भाऊजींना फोन करून खुर्चीला हो म्हटलं. (तुला त्यांनी सांगितलं असेलच, पेढ्यांचा आग्रह होण्याआधी पुढचं वाच.) मी घाबरलो होतो. माझ्या डोक्यात माझं असं काहीच नाही, रस्त्यावरचे लोक न विचारता तिथे राहायला आलेत, असं वाटत होतं.

मी हत्यारं पोत्यात भरत होतो तेवढ्यात वजनकाटेवाले पुन्हा आले. मुखवटा घालून बघू का, म्हणाले. घाला बापडे, मला काय त्याचं! त्यांनी आरशावरचा टॉवेल काढला, मुखवटा चढवला आणि उभे राहिले. आधी आतून बिजागरी करकरावी तसा आवाज आला. मग थोडा मोठा. मग लक्षात आलं, माणूस हसतोय. मुखवटा काढल्यावर ते डोळे पुसत म्हणाले, “चेहरा माझाच आहे. पण हे हसू तुमचं. मी कुठून आणणार होतो?”

ताई, मला एकदम हलकं वाटलं. नाक, भुवया, गाल आधीपासून कुणाचे तरी असतात, असू देत. त्यांना हसायला किंवा रडायला लावलं ते मी, आणि ते त्यांच्या मालकांनाही जमलं नव्हतं. तिसरा मुखवटा मी खिडकी उघडी ठेवून, शीळ घालत केला. एक म्हातारी केली, सुरकुत्यांनी भरलेली, समाधानी. आठ दिवस खिडकीत लावली, कुणीही हक्क सांगायला आलं नाही. दिग्दर्शकबाई म्हणाल्या, असा चेहरा मी जन्मात पाहिला नाही. मी खूश आहे.

भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता.क. खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्यायला भाऊजींना सांग. मी सांगितलं तर ते खोकतील.

ता.क. २. पहिला प्रयोग रविवारी आहे. तू ये. दोन तास आधी ये आणि एकटी ये.

ता.क. ३. काही मागणार नाही म्हणालो होतो, ते खोटं होतं. म्हातारीचे केस पांढरे रंगवताना माझा हात थांबला. आई गेली तेव्हा चौतीस वर्षांची होती, तिचा एकही केस पांढरा नव्हता. मी सहा वर्षांचा होतो, मला ती फक्त फोटोतली आठवते. तू चौदाची होतीस. तू येऊन नीट बघ आणि मला खरं सांग. नाही म्हणालीस तर हा चेहरा माझा, आणि त्या परीक्षकाला मी पहिल्या रांगेत बसवीन. हो म्हणालीस, तर कुणाला सांगू नकोस. आपण दोघं तिला म्हातारी झालेली बघू.

मुखवट्याचं तोंड मी आत, माझ्याकडे करून ठेवतो. थोड्या वेळाने बघतो तर ती बाहेर बसच्या थांब्याकडे बघत असते. खिळा सैल असेल. तरी पण लवकर ये.