ट्रॅक्टरला दोन डायव्हर

अहो,

ट्रॅक्टरची चावी शोधू नका, माझ्याकडे आहे.

काल उसाची खेप नेताना तुमचा डोळा लागला आणि ट्रॉली पुलाच्या कठड्याला घासली, हे मला भीमाभावजींकडून कळलं. तीन दिवस तुम्हाला नीट झोप नाही. म्हणून सकाळी चावी घेऊन मी तडक ट्रॅक्टरच्या मालकांकडे गेले. म्हटलं, "झोप झाल्याबिगर हे गाडीवर बसनार न्हाईत."

ते म्हणाले, "मंग दुसरा डायव्हर बघतो."

"बघा. पन त्यो बी मानूसच हाय, त्याचा बी डोळा लागंल."

तेवढ्यात छबूबाई तिच्या नवऱ्याच्या ट्रॅक्टरची चावी घेऊन आली. मागून आणखी चौघी डायव्हरांच्या बायका आपापल्या चाव्या घेऊन आल्या. सहा ट्रॅक्टर जागच्या जागी उभे राहिले. बारा वाजता मालकांनी सगळ्यांसमोर कबूल केलं, आजपासून दर ट्रॅक्टरला दोन डायव्हर आणि प्रत्येक ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर.

घरी आले तर तुम्ही गाढ झोपेत, म्हणून उठवलं नाही. आम्ही साऱ्याजणी रिफ्लेक्टर चिकटवायला निघालोय. पिठलं-भाकरी झाकून ठेवलीय. पुन्हा असं काही झालं तर आधी मला सांगत जा.

उद्या दुपारपर्यंत तुमची पाळी नाही, मी विचारूनच आलेय. जेवा आणि खुशाल झोपा.

रेश्मा