थर्मास आणि दोन पेले

लिहून ठेवणार मी, दोघी बहिणींतली थोरली, अविवाहित, धंदा दुसऱ्यांच्या तोंडी आवाज घालण्याचा. माझी बुद्धी शाबूत आहे, हात थरथरत नाही आणि हे लिहिताना कोणी माझ्या मानेवर बसलेले नाही. गळा मात्र गेला. घोटभर पाणी गिळताना आग होते आणि ती कशाने, हे डॉक्टरांना सांगता येत नाही. म्हणून बोलायचे ते कागदावर. आधीचे मृत्युपत्र, ज्यात मी सगळे धाकटीच्या नावे केले होते, ते या कागदाने रद्द समजावे.

कलम १. माझा मायक्रोफोन, हेडफोन आणि उंच स्टूल ध्वनिमुद्रक काकांना द्यावे. स्टुलाचा एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा घालावा लागतो. काकांनी मला कधी "जरा रडून दाखव" म्हटले नाही. "ताई, सावकाश होऊ दे," एवढेच म्हणायचे.

कलम २. माझ्या साखरपुड्याची अंगठी आमच्या मालिकेच्या दिग्दर्शकांना परत करावी. फोनवर माझा आवाज ऐकूनच आपण प्रेमात पडलो, असे ते म्हणत. मग ते घरी आले आणि दार धाकटीने उघडले. अंगठी मला पहिल्यापासून ढिली होती. धाकटीच्या बोटात ती चपखल बसते. माप कोणाचे घेतले होते, हे माझ्या टाळक्यात फार उशिरा शिरले.

त्यांचे धाकटीशी लग्न झाल्यावरही मी तिच्या तोंडी बोलत राहिले, याचे लोकांना नवल वाटते. मोबाइलवर दोन-दोन मिनिटांत दगा, प्रेम आणि सूड उरकणाऱ्या त्या मालिकेची ती नायिका. चेहरा देखणा, पण आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. म्हणून आवाज माझा. कथेत तिची दुष्ट थोरली बहीण तिचा प्रियकर पळवते. "ताई, तू माझं सगळं हिसकावून घेतलंस!" हे वाक्य हुंदक्यासकट मीच म्हटले आणि काचेपलीकडे काका डोळे पुसत होते. पोटासाठी करत होते, हे खरे. पण आई गेल्यावर धाकटीला मी वाढवले. वेणी मी घातली, अभ्यास मी घेतला. तिच्यावरची माया काही केल्या आटत नव्हती.

कलम ३. माझ्या आवाजाबद्दल. आमच्या करारात असे आहे की मी जिवंत असेपर्यंत माझ्या परवानगीशिवाय यंत्राकडून माझा आवाज काढता येणार नाही आणि माझ्यामागे तो हक्क माझ्या वारसाकडे जाईल. हे वाचून सही करताना धाकटी शेजारी बसली होती. "ताई, असलं अभद्र काय लिहितात गं!" म्हणाली आणि मला पेन काढून दिले. तो हक्क मी तिला देत नाही. यंत्राने माझा आवाज कोणासाठीही काढू नये. तो माझ्याबरोबर जावा.

कलम ४. (हे कलम ६ च्या पाकिटात ठेवावे, आधी वाचू नये.) आता ज्यासाठी हे सगळे लिहिते आहे ते. गळा बसायला लागला तसा धाकटी रोज सकाळी निळ्या थर्मासमधून काढा आणू लागली. "गरम आहे तोवर पी." मी पीत होते. बहीण शेवटी माझीच, असे वाटून मनातून सुखावतही होते.

एके दिवशी काकांनी नवा भाग लावला. दृश्य संपले तरी कॅमेरा चालूच राहिला होता. त्या तुकड्याला आवाज नव्हता. पण मला ओठ वाचता येतात. शेजारी राहणाऱ्या, बहिऱ्या मुलांच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी धंद्याला उपयोगी पडेल म्हणून शिकवले. पडद्यावर धाकटी नवऱ्याला सांगत होती, "काढ्यात रोज थोडं टाकते. ताईला काही कळत नाही." ते हसत होते. काका म्हणाले, "ताई, हा भाग सोडा, कामाचा नाही."

घरी आले तर त्या सकाळचा थर्मास भरलेला होता. संतापाने माझे भान सुटले. सगळा काढा बेसिनमध्ये ओतला, वरून नळ सोडला आणि मग कपाळावर हात मारला. पुरावा मीच वाहून घालवला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काढा बंद करायला सांगितल्याचे मी धाकटीला कळवले. मुक्या चित्राच्या भरवशावर तक्रार करून काय होणार? पण त्यामुळे तिला वाटते, शेवटचा थर्मास मी न पिता तसाच भरलेला ठेवला आहे. तो हे मृत्युपत्र सांभाळणाऱ्या वकीलबाईंकडे मोहोरबंद आहे.

कलम ५. माझे घर, बाल्कनीसकट, धाकटीला आणि तिच्या नवऱ्याला मिळावे. अट एकच. मृत्युपत्र वाचायला सगळे जमतील तेव्हा वकीलबाईंनी त्यांच्याकडे मोहोरबंद ठेवलेला धाकटीचा शेवटचा निळा थर्मास उघडावा, दोन पेले भरावेत आणि दोघांनी सर्वांसमोर ते रिकामे करावेत. धाकटीनेच मायेने केलेला काढा आहे, नाही म्हणायचे कारण नाही. न प्यायल्यास घर बहिऱ्या मुलांच्या शाळेला द्यावे.

कलम ६. हे आणि कलम ४ वेगळ्या पाकिटात आहेत. पेले भरल्यावर, दोघांचे उत्तर मिळाल्यावरच फोडावे.

थर्मासमध्ये नळाचे पाणी आहे, रंगापुरती चहापूड घालून उकळलेले. मीच भरले. दोघे ते मुकाट्याने प्यायले असतील तर घर त्यांचे आणि मी संशयी म्हातारी. तसे झाले तर मला फार बरे वाटेल, खरेच सांगते.

प्यायले नसतील तर धाकटीने आधी नवऱ्याकडे पाहिले असेल आणि आवाज न करता काहीतरी म्हटले असेल. ती लहानपणापासून घाबरली की असेच करते. म्हणून शाळेच्या बाईंना तिच्या समोरच्या खुर्चीवर बसवायला मी वकीलबाईंना सांगून ठेवले आहे. वकीलबाई, आता बाईंना सर्वांसमोर विचारा, धाकटी काय म्हणाली. माझ्या आवाजाशिवाय लोकांनी ऐकलेले तिचे ते पहिलेच वाक्य असेल.

हे सर्व मी स्वखुशीने लिहिले, वाचले आणि खाली दोघांच्या देखत सही केली. दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: थोरली

साक्षीदार: शाळेच्या निवृत्त बाई (यांना या कागदाने काही मिळत नाही, माझे आभार तेवढे मिळतात)
साक्षीदार: माझे डॉक्टर

स्थळ: माझे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: मालिकेचा शेवटचा भाग प्रसिद्ध होण्याआधीचा दिवस