पिवळा दिवा

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०
गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र. गाडी झकास चालते आहे, म्हणजे दिवाच बिघडला असणार. ही लेकीकडे जाऊन आज बावीस दिवस झाले. दिवा ती गेल्यानंतर लागला हे इथे लिहून ठेवतो, नाहीतर तोही माझ्या माथी मारला जायचा.

कार्यक्रम पक्का: रविवारी २३ तारखेला तीन तास गाडी चालवून लेकीकडे जायचं आणि हिला घेऊन यायचं. फोनवर कळवलं. ती आणखी बरंच काही बोलत होती, मी हं हं म्हटलं. एकच अडचण. गाडीचं धुराचं सर्टिफिकेट २२ला संपतं. वीस दिवस हातात आहेत.

४ मार्च
शेजारीण म्हणाली, तुमच्या गाडीमागे पेट्रोलचा वास येतो. मला नाही आला. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं मी गळतीच शोधली. सहा फूट खाली पाइप फुटलेला असला तरी लोखंडी कांब कानाला लावून बोट ठेवून जागा दाखवायचो. ती कांब माळ्यावरून काढली आणि टाकीला लावून अर्धा तास ऐकलं. काहीही नाही. प्रश्न मिटला. शेजारणीने खिडकी लावून घेतली.

६ मार्च
मेकॅनिककडे. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, अक्षरामुळे. त्याने एक छोटं यंत्र जोडलं आणि सांगितलं की पेट्रोलची वाफ कुठूनतरी निसटते आहे. मी विचारलं, गाडीला कसं कळलं? तर म्हणाला की टाकीतली वाफ वाया जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात धरून ठेवतात आणि इंजिन चालू असताना थोडी थोडी ओढून जाळतात. ती खरंच आत राहते का, हे गाडी स्वतःच तपासते. बंद करून पाच तास झाले की सगळ्या वाटा लावून घेते, एक पंप आतली हवा जराशी ओढतो, आणि मग गाडी नुसती थांबते. ओढ टिकली तर उत्तम. सैल पडली तर कुठेतरी फट आहे. सुईच्या टोकाएवढीही चालत नाही. लागोपाठ दोनदा असं झालं की दिवा.

मी म्हटलं, पाण्याच्या बाबतीत मी हेच केलं, एकतीस वर्षं. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. गाडी ठेवून जा, धूर सोडून फट शोधतो, म्हणाला. मी म्हटलं, गरज नाही. वाटेत तसलंच यंत्र विकत घेतलं.

७ मार्च. सकाळी ७.३०
यंत्राला बटण आहे. दाबलं की गाडीच्या मेमरीतला दोष पुसला जातो. दाबलं. दिवा गेला. तीन सेकंद लागले. डॉक्टर दिवसभर गाडी अडकवून ठेवणार होता.

आनंदात टाकी फुल केली. ही बरोबर असली की पंपावर खाली उतरायची आणि मी लावलेलं झाकण पुन्हा फिरवायची, टक टक टक असं तीनदा वाजेपर्यंत. दर वेळी. मी तिला हसायचो. आज पाच मिनिटं वाचली.

९ मार्च, रविवार
लेकीचा फोन. बाबा, आईशी बोलता का, म्हणाली. मी अकरा मिनिटं दिव्याबद्दल सविस्तर सांगितलं, कोळशाच्या डब्यासकट. शेवटी कळलं की ऐकत लेकच होती. आई केव्हाच उठून गेली, म्हणाली. कामात असेल.

११ मार्च
दिवा पुन्हा. पुसला. आता शिस्त लावून घ्यायची. दिवा लागायची वाट बघायचीच नाही. रोज सकाळी दात घासले की लगेच पुसायचं. रोग व्हायच्या आधी औषध. खात्यात माझं कोणी ऐकलं असतं तर शहर कोरडं राहिलं असतं. म्हणजे रस्ते.

१३ मार्च
दिवा नाही. पद्धत यशस्वी. दिवसातून दोनतीनदा खाली जाऊन गाडी सुरू करून बघतो. आत बसलं की बरं वाटतं. घरात सध्या बसायला जागा पुष्कळ आहे, पण कुठे बसायचं ते सुचत नाही.

१४ मार्च, शुक्रवार
तपासणी केंद्र. नापास. खिडकीतली मुलगी म्हणाली, काका, दिवा नाही हे खरं, पण गाडी तयार नाही. मी म्हटलं, समोर उभी आहे. ती म्हणाली, तसं नाही. गाडीने स्वतःची एकही तपासणी पूर्ण केलेली नाही. कोणीतरी मेमरी पुसली की ती सगळं पहिल्यापासून सुरू करते, आणि इथे रोज पुसल्यासारखं दिसतंय. तुम्ही पुसता का? मी नाही म्हटलं. तिने माझ्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं. मी ते खिशात घातलं. मावलं नाही.

१५ मार्च
डॉक्टर. जरा नमतं घेतलं. त्याने कुठल्याशा नळीतून धूर सोडला. मी कांब घेऊन तयार उभा होतो. लागली नाही. दोन मिनिटांत टाकीच्या झाकणाभोवतून धूर वर आला, कपातल्या चहासारखा. झाकण शाबूत, रबर शाबूत. नुसतं वर ठेवल्यासारखं होतं. त्याने फिरवलं. टक टक टक. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणाला. मग विचारलं, एवढी वर्षं काही झालं नाही, मग आताच कसं? आणखी कोण असतं गाडीत? मी म्हटलं, सध्या कोणी नाही.

त्याची सूचना: पुसायचं नाही. टाकी फुल असली की गाडी ही तपासणी करत नाही, म्हणून अर्ध्यावर आणायची. मग उभी ठेवायची आणि काहीही करायचं नाही. बायको म्हणते की काहीही न करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. हे मी त्याला सांगितलं. तो हसला. मीही हसलो.

१६ मार्च, रविवार
पेट्रोल संपवायला फिरलो. कुठे जायचं ठरलं नव्हतं. तिच्या बहिणीच्या घरावरून गेलो. कुलूप. बहीण जानेवारीत गेली. फोन आला त्या दुपारी ही स्वयंपाकघरात खाली बसून रडत होती आणि मी बाहेर जाऊन चारही टायरमधली हवा तपासली. दवाखान्यात जायचं होतं, टायर कोणीतरी बघायलाच हवे होते. वर आलो तेव्हा ती रिक्षाने निघून गेली होती. हवा चारही टायरमध्ये बरोबर होती.

काटा पाऊण टाकीवर.

१८ मार्च
काटा अर्ध्यावर. सकाळी नऊला गाडी उभी केली. साडेदहाला जाऊन नीट उभी आहे ना ते बघितलं. एकला पुन्हा, आत बसून, किल्ली फिरवून. मग आठवलं की पाच तास आता पहिल्यापासून. किल्ली शेजारणीकडे ठेवायला दिली. तिने कारण विचारलं नाही.

१९ मार्च. संध्याकाळी ७.२०
किल्ली मागून आणली, एक चक्कर मारून दोनला गाडी उभी केली, किल्ली परत दिली आणि गाडीजवळ खुर्ची टाकून बसलो. हात लावला नाही. सातला मागच्या बाजूला बारीक घूं असा आवाज सुरू झाला. पंप. कांब लागलीच नाही. गाडी बंद, आत कोणी नाही, आणि ती आपली आपण तपासून बघत होती की आपल्यात काही टिकतंय का. सातआठ मिनिटं. मग थांबला.

मला हिची फार आठवण आली. नोंद म्हणून लिहितो.

२१ मार्च, शुक्रवार
पास! खिडकीतली मुलगी म्हणाली, गाडी तयार आहे. मी म्हटलं, मीही. उद्या गाडी धुवायची, शर्टाला इस्त्री, हिच्या बाजूची सीट मागे सरकवायची. तिचे पाय लांब आहेत. लेकीला फोन केला की रविवारी दुपारी तीनपर्यंत पोहोचतो. ती म्हणाली, बाबा, आई तुमच्याशी बोलली आहे ना? मी म्हटलं, हो हो.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.४०
वाटेत टाकी फुल केली. लांबचा प्रवास, दोघंजणं. तीनला पाच कमी असताना पोहोचलो.

ती खाली आली. पायात घरातल्या सपाता, हातात काही नाही. मी सर्टिफिकेट दाखवलं. तिने पूर्ण वाचलं. मी डावीकडचं दार उघडून उभा राहिलो. तेव्हा म्हणाली की मी येणार नाही, हे तीनदा फोनवर सांगितलंय. इथे काम धरलंय, जवळ एक खोलीही बघितली आहे. तिन्ही वेळा तुम्ही हं म्हणालात. मी म्हटलं, मी दिव्याकडे बघत असेन. ती म्हणाली, हो, असाल. आवाज चढला नाही.

मग ती गाडीला वळसा घालून मागे गेली. मला वाटलं, दुसऱ्या दाराने बसते आहे. तिने टाकीची झडप उघडली आणि झाकण फिरवलं. टक टक टक. झडप लावली, हात ओढणीला पुसला. आता निघा, म्हणाली, उजेड आहे तोवर पोहोचाल.

पोहोचलो. उजेड होता. दार लावून थोडा वेळ आतच बसलो. दिवा लागलेला नाही. सवयीने यंत्र जोडलं. पुसण्यासारखं काही नव्हतं.